ही खुर्ची रिकामी आहे का?

एसेन हे मुद्दाम उठून बघायला जावं असं गाव नाही. जर्मनीच्या पश्चिमेला रूर नदीच्या खोऱ्यात कोळशावर आणि पोलादावर जी गावं वाढली, त्यातलं हे एक. क्रुप घराण्याचे पोलादाचे कारखाने इथलेच. गावातली शेवटची कोळशाची खाण, त्सोलफेराइन, १९८६ साली बंद पडली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जाऊन बसली. ती बघायला लोक येतात, नाही असं नाही. पण ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी सकाळी मी ज्या गाडीत दांडा धरून उभी होते, तिच्यातल्या कोणालाही खाणीशी देणंघेणं नव्हतं.

गाडी आखेनहून निघालेली. माझी भाची तिथे इंजिनिअरिंग शिकते. कोलोन, ड्युसेलडॉर्फ, डुइसबर्ग करत गाडी भरत गेली, आणि चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात चाकांची बॅग. बॅगा वर ठेवताना कोणाच्या हाताला वजन म्हणून लागत नव्हतं. सगळ्या रिकाम्या. "परतताना बघ, मावशी," भाची म्हणाली. तिच्याकडेही तसलीच एक बॅग होती आणि माझ्या खांद्याला तिने दोन कापडी पिशव्या अडकवलेल्या होत्या.

ही सगळी मंडळी 'श्पील'ला चालली होती. श्पील म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या खेळांची जत्रा: पट, पत्ते, फासे, सोंगट्या आणि त्यांची आजची शेकडो भावंडं. गुरुवार ते रविवार, चार दिवस. दोन लाखांच्या आसपास माणसं येतात, नऊशेच्या वर प्रकाशक आणि विक्रेते दुकानं मांडतात, हजारावर नवे खेळ एका झटक्यात बाजारात येतात. १९८३ मध्ये फ्रीडहेल्म मेर्त्स यांनी हे सुरू केलं तेव्हा ते एसेनच्या प्रौढशिक्षण केंद्रात भरलं होतं; खेळांवरच्या एका मासिकाच्या वाचकांनी एकत्र जमून खेळावं, एवढाच त्यामागचा हेतू. आता शहराचं अख्खं प्रदर्शन-संकुल त्याला अपुरं पडतं.

मला भाचीने ओढून नेलं. सुट्टीला तिच्याकडे गेले होते, आणि मला ऱ्हाइनच्या काठचे किल्ले बघायचे होते. "तू पत्ते खेळतेस ना? मग किल्ले पुढच्या वेळी," असा तिने निकाल दिला.

मुख्य स्टेशनवरून यू-११ ही भुयारी गाडी थेट प्रदर्शनाच्या दाराशी सोडते. दहाला दारं उघडतात. साडेनऊलाच आषाढीच्या दर्शनबारीसारखी रांग लागलेली. दारं उघडल्यावर काही तरणी मंडळी चक्क पळत सुटली. ठरावीक प्रतीच आणलेल्या एखाद्या नव्या खेळासाठी ही धावपळ असते, असं कळलं. माझं वय आणि गुडघे बघता मी पळणाऱ्यांत नव्हते, आणि पळण्यासारखं तिथे काही आहे हे मला अजूनही पटलेलं नाही.

आत शिरल्यावर पहिला अंगावर येतो तो आवाज. गाणी नाहीत, लाउडस्पीकरवरची आरडाओरड नाही. हजारो माणसं एका छपराखाली बोलत असताना होते ती गुणगुण, त्यात फाशांची खडखड, पत्ते पिसल्याची फर्रर्र, आणि मधूनच एखाद्या टेबलावर फुटलेलं हसू. बाबागाड्या आहेत, काठी टेकत चालणाऱ्या आज्या आहेत, डोक्याला शिंगं लावलेले पोरगे आहेत, जपान-कोरियाहून आलेले प्रकाशक आहेत. जमाव लहान मुलांचा असेल असं मला उगाच वाटलं होतं, पण तो बहुतेक मोठ्या माणसांचाच.

पुस्तक प्रदर्शनात असतात तशा मांडण्या मी शोधत होते. तशा थोड्याच दिसल्या. दुकानाची बहुतेक जागा टेबलं आणि खुर्च्यांनी भरलेली, खोके कुठेतरी मागे रचलेले. प्रत्येक टेबलावर एक खेळ मांडून ठेवलेला. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं. बसलात की प्रकाशकाचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा किंवा मुलगी येते, जर्मन की इंग्रजी एवढं विचारते आणि नियम समजावून सांगायला लागते. पैसे नाहीत, नाव-पत्ता नाही, शेवटी 'घेणार का' असा प्रश्नही नाही. टेबलाला चार खुर्च्या असतील आणि तुम्ही दोघंच असाल, तर आणखी दोन अनोळखी माणसं येऊन विचारतात, ही खुर्ची रिकामी आहे का? त्या दिवशी मी हा प्रश्न कितीतरी भाषांत ऐकला, आणि दुपारपर्यंत मीही तो जर्मनमध्ये विचारायला शिकले.

समजावण्याचं काम बघत राहावं असं असतं. चांगला समजावणारा आधी शेवट सांगतो: जिंकतं कोण आणि कशाने. मग एका पाळीत काय काय करता येतं ते. अपवाद तो राखून ठेवतो, आणि अपवाद अंगावर येतो त्या क्षणी सांगतो. हात सतत पटावर. जे बोलतोय ते बोटाखालची वस्तू उचलून दाखवतो. वाईट समजावणारा नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतो. तसाही एक भेटला. वीस मिनिटं तो मेंढ्यांच्या लोकरीचे भाव सांगत होता आणि मेंढ्या कशाला पाळायच्या ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

'द क्रू' या पत्त्यांच्या खेळाशी मात्र माझं लगेच जमलं. थोमास झिंग यांचा हा खेळ २०१९ मध्ये आला, म्हणजे श्पीलच्या हिशेबाने म्हाताराच. चार रंगांची १ ते ९ पानं आणि वर चार अग्निबाण, हे कायमचे हुकूम. एकूण चाळीस पानं. उतारी पडली की त्याच रंगाचं पान टाकायचं, नसेल तर काहीही, मोठं पान हात ओढतं. इथवर मी मान डोलावत होते. हे सगळं मला फ्रॉक घालत होते तेव्हापासून येतंय. पण भिडू आणि विरोधक असं काही नाही. सगळे एकाच बाजूला. अमक्या माणसाने अमकं पान असलेला हात जिंकलाच पाहिजे, अशी कामगिरी ठरलेली असते. ती सगळ्यांनी मिळून पार पाडायची, आणि आपल्या हातात काय आहे हे बोलायचं नाही.

आमच्या टेबलावर नेदरलँड्सहून आलेले एक आजोबा आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची नात येऊन बसली होती. माझ्याकडे कामगिरी आली गुलाबी सत्तीची. ती माझ्याकडे नव्हतीच. अशा वेळी एकदाच एक इशारा करता येतो: आपलं एक पान उघडं मांडायचं आणि त्यावर छोटी गोल चकती ठेवायची. चकती वरच्या कडेला ठेवली तर हे माझ्याकडचं त्या रंगातलं सगळ्यात मोठं पान, खालच्या कडेला ठेवली तर सगळ्यात लहान, मधोमध ठेवली तर त्या रंगाचं हे एकुलतं एक. मी गुलाबी अठ्ठी मांडली आणि चकती वर ठेवली. म्हणजे नव्वी माझ्याकडे नाही, हे सगळ्यांना कळलं. नातीच्या कपाळाला बारीक आठी पडली. मग तिने उतारीच गुलाबी नव्वीने केली, आजोबांनी एक चिल्लर गुलाबी पान टाकलं, तो हात तिच्याकडे गेला. नव्वीचा काटा निघाला. पुढच्या हाताला तिने गुलाबी दुर्री उतरली. आजोबांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, सत्ती टाकली, आणि मी अठ्ठी मारली. त्या मुलीने टेबलावर अशी थाप दिली की चकत्या खाली पडल्या.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट रंगायचा तेव्हा मावसभावंडांचं निम्मं कौशल्य खुणांत खर्च व्हायचं. नाक खाजवलं की किलवर, खाकरलं की हुकमाचा एक्का, आणि कानाची पाळी ओढली की दश्शी सोड. पकडलं गेलं की डाव रद्द, भांडण, कोणीतरी पत्ते भिरकावून अंगणात जाणार. इथे त्याच चोरट्या खुणेला मोजकी परवानगी देऊन कोणी खेळ रचलाय, हे बघून मला त्या झिंग यांच्याबद्दल आदर वाटला. ते आमच्या ओसरीवर कधी बसले होते की काय?

जर्मन घडणीचे खेळ म्हणून जे ओळखले जातात त्यांचा रोख असाच असतो. कोणाला मध्येच बाहेर काढायचं नाही. लहानपणी 'व्यापार' खेळताना ज्याचं दिवाळं निघायचं, तो पुढचा तासभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून देत बसायचा किंवा आईला मटार सोलायला मदत करायचा. क्लाउस टॉयबर यांच्या १९९५ च्या 'कतान'मध्ये फासे कोणीही टाको, त्या आकड्याच्या जमिनीवर ज्याची वस्ती असेल त्या प्रत्येकाला वीट, लाकूड, धान्य मिळतं. म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही माझं लक्ष पटावर. शिवाय लागणारं सगळं एकाकडे कधीच नसतं, त्यामुळे घासाघीस करत बोलावंच लागतं. टॉयबर यांची दातांच्या कवळ्या बनवायची प्रयोगशाळा होती. कामाचा वैताग घालवायला ते रात्री घराच्या तळघरात खेळ रचत बसत. कतानच्या चार कोटींवर प्रती खपल्या आहेत. २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या खेळाच्या टेबलांवर आम्हाला दिवसभरात एकही खुर्ची रिकामी मिळाली नाही.

खोक्यावर, खेळाच्या नावाइतकंच ठळक, रचणाऱ्याचं नाव असतं. हे मला नवीन होतं. सापशिडीच्या किंवा व्यापारच्या खोक्यावर कोणाचं नाव मी कधी वाचलं नव्हतं. जर्मनीतही पूर्वी तसं नसायचं. १९८८ साली न्यूर्नबर्गच्या खेळण्यांच्या बाजारात तेरा खेळकर्ते एका टेबलाभोवती बसले आणि बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर त्यांनी लिहून सह्या केल्या: ज्या प्रकाशकाला खोक्यावर आमचं नाव घालायचं नाही, त्याला आम्ही खेळ देणार नाही. पुढे तीच पद्धत पडली. आता इथे लेखक खोक्यांवर सह्या करत बसतात आणि लोक रांगा लावतात. राइनर क्निझिया या गणितातल्या डॉक्टरेटवाल्या गृहस्थांचे सहाशेहून जास्त खेळ छापले गेले आहेत. इतकी पुस्तकं लिहिणारा लेखक आपल्याकडे असता तर समीक्षकांनी त्याच्याकडे आधी संशयानेच बघितलं असतं. इथे समीक्षकही आहेत. १९७९ पासून ते दरवर्षी एका खेळाला 'वर्षाचा खेळ' ठरवतात. बक्षिसात पैसा नाही. खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह लावता येतं, आणि त्या चिन्हावर लाखांनी प्रती खपतात. नाताळात आजीने नातवंडांना काय द्यायचं, हे जर्मनीत बऱ्याच घरी ती लाल सोंगटी ठरवते.

दुपारी बटाट्याच्या तळलेल्या वड्या सफरचंदाच्या गोड मुरंब्याबरोबर खाल्ल्या. महाग आणि तेलकट. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

मग एका जुन्या प्रकाशकाच्या दुकानात पिवळा, तांबडा, हिरवा, काळा असा चार रंगांचा अधिकचिन्हाच्या आकाराचा पट दिसला आणि मी थबकले. 'मेन्श एर्गेरे दिश निश्ट', म्हणजे 'माणसा, चिडू नकोस'. म्युनिकच्या योझेफ श्मिट यांनी १९०७-०८ च्या हिवाळ्यात आपल्या मुलांसाठी हा केला, १९१४ पासून तो कारखान्यात बनायला लागला. पहिल्या महायुद्धात त्यांनी तीन हजार संच लष्करी इस्पितळांना फुकट वाटले. जखमी सैनिक शिकले आणि बरे होऊन घरोघरी घेऊन गेले. जर्मनीत हा ठाऊक नाही असं माणूस सापडणं कठीण. आणि हा आपला पचिशीचा पट, इंग्लंडातल्या लुडोच्या वाटेने इथे आलेला. कवड्यांच्या जागी फासा, चौघांच्या चार चार सोंगट्या, मारलं की परत घरी.

वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात पण हरला आणि बारा वर्षं बाणाईच्या वाड्यावर धनगर होऊन राहिला, असं जेजुरीकडचे वाघ्या-मुरळी सांगतात. पट आपल्याकडे देवादिकांच्या संसारात आहे. आणि आमच्या घरातला सारीपाटाचा कापडी पट माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, त्याच्या सोंगट्या कधीच हरवल्या. तुम्हीच हे शोधलंत आणि तुम्हीच सोडलंत, असं कोणी मला तिथे म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं. 'भारताने जगाला दिलं' ही यादी आपण हौसेने सांगतो. दिल्यानंतर आपण काय केलं, हे त्या यादीत येत नाही.

जुनी खोकी विकणाऱ्या एका दुकानात आणखी एक गंमत झाली. भाचीने वरून दुसरं खोकं ओढलं, त्यावर लिहिलेलं, 'गोवा'. र्‍यूडिगर डोर्न, २००४. सोळाव्या शतकातला गोवा, आणि खेळणारे सगळे पोर्तुगीज व्यापारी. लिलाव, जहाजं, मसाले, वसाहती. दुकानदाराने सांगितलं की लिलावाच्या खेळांत हा अव्वल गणला जातो, आणि नियम बघता ते खरंही असावं. मात्र पट उलगडून बघितला तर त्यात गोंयकार कुठे नाही. ज्यांच्या मळ्यातली मिरी ती माणसंच गाळलेली. हा एकट्या या खेळाचा दोष नव्हे. मसाले, बेटं, दूरची बंदरं यांवर रचलेले खेळ इथे पोत्याने आहेत. 'पुएर्तो रिको' या गाजलेल्या खेळात मळ्यावर राबणाऱ्यांच्या जागी तपकिरी चकत्या होत्या. त्यावर बरंच बोललं गेलं, आणि २०२२ च्या आवृत्तीत आधीचा काळ सोडून खेळ १८९७ मध्ये, बेटावरच्या शेतकऱ्यांच्या बाजूने मांडला गेला. म्हणजे ऐकणारे लोक आहेत. भाचीने 'गोवा' विकत घेतला. "हॉस्टेलवर खेळू, आणि मी मिरीवाली होईन," म्हणाली. नियमांत ती सोय नाही, हे तिला माहीत होतं.

माझं सगळ्यात आवडतं दुकान खेळांचं नव्हतंच. तिथे सुट्या वस्तू विकायला होत्या: ट्रेमध्ये रंगीत लाकडी ठोकळे, सोंगट्या, बोटाच्या पेराएवढी लाकडी माणसं, मेंढ्या, होड्या, कोरे फासे, कोरे पत्ते. ज्याच्या घरच्या खोक्यातलं काही हरवलंय त्याने ते घ्यावं, ज्याच्या डोक्यात नवा खेळ आहे त्याने कच्चा माल न्यावा. साठीची एक बाई चिमट्याने निळे ठोकळे वेचत होती. प्रत्येक ठोकळा उजेडाकडे धरायची, छटा जुळली नाही की परत टाकायची. मी सारीपाटाच्या मापाच्या सोळा सोंगट्या घेतल्या, चार रंगांच्या. सगळ्या मिळून एका कॉफीच्या भावात.

पाचच्या सुमारास पाय बोलायला लागले आणि जत्रेचा दुसरा चेहराही दिसायला लागला. खोक्यांचे मनोरे ढकलगाडीवर बांधून माणसं वाट काढत होती. यातले बरेच खेळ वर्ष-वर्ष वेष्टनातून निघणारही नाहीत, हे तिथे भेटलेल्या भाचीच्या एका मित्राने स्वतःच्या कपाटाचा हवाला देऊन कबूल केलं. गेल्या वर्षीचा खेळ इथे जुना, त्याच्या आधीचा निम्म्या किमतीत. एकेक खोकं तीस-चाळीस-साठ युरोंचं. रुपयांत करून बघायचं मी दुपारीच सोडून दिलं होतं. पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये आता खेळणाऱ्यांचे गट जमतात, पण तिथे बाहेरून मागवलेल्या एका खोक्यावर दहा जण खेळतात, आणि मला विचाराल तर दहा जणांचं ते एक खोकं या दहा खोक्यांपेक्षा जास्त जगतं.

रात्री हॉटेलात परतलो तर खालची बैठकीची खोली जत्रेनेच ताब्यात घेतलेली. दिवसभर घेतलेले खेळ लोक उघडून बसलेले. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांतून चकत्या टचाटच सुट्या होत होत्या, जमिनीवर कागदांचा खच. एका टेबलावर हानोव्हरचं एक नवरा-बायकोचं जोडपं नियमपुस्तिकेशी झटापट करून थकलेलं. भाचीने आपल्या पिशवीतून साधा बावन्न पानांचा जोड काढला आणि माझ्याकडे सरकवला. "मावशी, तू समजाव. मेंढीकोट."

समजावताना लक्षात आलं की मला हा खेळ कोणी समजावलेलाच नाही. मी आजीच्या मांडीशी बसून, कच्चा लिंबू म्हणून, चुकत चुकत शिकलेले. दश्शीला मेंढी का म्हणतात, हे मला विचारलं गेलं. माहीत नव्हतं. पत्ते उलट्या दिशेने का वाटता? आजी वाटायची. हुकूम कोण ठरवतं? इथे मी दिवसभराची शिकवणी आठवली आणि पुन्हा सुरुवात केली. आधी शेवट: चारांपैकी जास्त दश्श्या ज्यांच्याकडे ते जिंकले, चारही आल्या तर कोट. मग पाळी: आलेल्या रंगाचं पान टाका. आणि हुकूम? ज्याच्याकडे तो रंग नसेल त्याने दुसऱ्या रंगाने कापलं, की तोच हुकूम. अपवाद खिशात. बाईंनी खिशातून वही काढली आणि लिहून घ्यायला लागल्या.

"दोन-दोन मेंढ्या झाल्या तर?"

"मग हात मोजायचे. सात किंवा जास्त ज्यांचे, ते जिंकले," मी म्हटलं.

"आमच्याकडे तो डाव बाद धरतात," भाची म्हणाली.

"आमच्याकडे म्हणजे कुठे गं?"

"बाबांकडे. कोल्हापूरला."

हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आम्ही दोघी मराठीत भांडायला लागलो, आणि समोरच्या बाईंनी वहीत दोन्ही नियम लिहून त्यांपुढे 'अ' आणि 'ब' घातलं. माझ्या, म्हणजे पुण्याच्या, नियमाने खेळायचं ठरलं. शेजारच्या टेबलावरची मंडळी आपला खेळ सोडून आमच्या खुर्च्यांच्या मागे उभी राहिली होती. एक वाजता रिसेप्शनवरची मुलगी येऊन म्हणाली, आता नाश्त्याची टेबलं लावायची आहेत, उठावं लागेल. तेव्हा आमच्याकडे तीन मेंढ्या होत्या आणि चौथी माझ्या हातात.